टेकडीवर सायकल घालण्याआधी

दिवाळीत नवी सायकल घेतलेले लोक मला दर हिवाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर भेटतात. चढताना त्यांना धाप लागते, ते ठीकच आहे. खरी अडचण उतारावर सुरू होते. मुरूम चाकाखालून सरकतो, घाबरून दोन्ही ब्रेक एकदम दाबले जातात, मागचं चाक जाम होऊन फरफटत जातं, आणि नेमके समोरून काठी टेकत कुणीतरी आजोबा वर येत असतात. गेली बरीच वर्षं मी पुण्याच्या टेकड्या, मावळ आणि मुळशीकडे सायकल चालवतोय. माझं ठाम मत आहे की या खेळात आधी थांबायला शिकावं, वेगाचं नंतर बघता येतं. सायकल कुठली घ्यायची, कुठल्या वाटेवर न्यायची, पडायचं कसं टाळायचं, हे सगळे प्रश्न मी याच एका गोष्टीवर तोलतो. नव्या माणसासाठी पायरीपायरीने लिहितोय.

पायरी १ : सायकल घेताना गिअर मोजू नका, ब्रेक बघा

दुकानात पहिल्यांदा सांगतात ते गिअर किती ते. एकवीस, चोवीस, सत्तावीस. तो आकडा बाजूला ठेवा. पुढे एकच दातेरी चकती आणि मागे नऊ ते बारा, अशी मांडणी टेकडीला पुरते. बिघडायला भागही कमी. दुसरा मोह म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्तातली सायकल. दिसायला ती भारी असते, पण त्या किमतीतला मागचा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग. चढावर पेडल मारलं की बराच जोर ती खाऊन टाकते, आणि वजन इतकं की काट्याकुट्यातून उचलून न्यायची वेळ आली तर हात भरून येतात.

त्यापेक्षा फक्त पुढे शॉकअप असलेली हार्डटेल घ्या. १०० ते १२० मिलिमीटर दबणारा शॉकअप, २७.५ किंवा २९ इंची चाकं आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेक. यातलं शेवटचं सोडून बाकी कशातही तडजोड चालेल. वायरचे डिस्क ब्रेकही थांबवतात, पण लांब उतारावर हात दुखायला लागतो, आणि दुखणारा हात वेळेवर ब्रेक दाबत नाही.

बजेट कमी असेल तर जुनी चांगली सायकल घ्या, स्वस्त नवी नको. बघताना पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर तिथलं बेअरिंग सैल आहे किंवा गेलंय. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडलं तर तिथून तेल गळणार. मागून बघा, डिरेल्युअर, म्हणजे मागच्या चाकाशी चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सरळ खाली लोंबतंय की चाकाकडे वाकलंय? वाकलं असेल तर हँगर, म्हणजे ते फ्रेमला धरून ठेवणारी छोटी पट्टी, बदलावा लागेल. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: आपल्याकडे मोटारसायकलसारखाच उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. परदेशातून आणलेल्या सायकलींत तो बऱ्याचदा डावीकडे असतो. दाबून खात्री करा. उतारावर कळण्यापेक्षा दुकानाच्या दारात कळलेलं बरं.

माप मोठं घेऊ नका. पाय टेकवून उभं राहिल्यावर दांड्याच्या वर निदान दोन इंच जागा मोकळी हवी. मुलगा अजून वाढेल म्हणून मोठी सायकल घ्यायची, हा हिशोब टेकडीवर अंगाशी येतो.

ब्रेक नवे असतील तर ते आधी बसवून घ्यावे लागतात. सपाट रस्त्यावर बरा वेग घ्या, ब्रेक दाबत जवळजवळ थांबेपर्यंत आणा आणि सोडा. असं पंधरा-वीस वेळा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. त्याआधी टेकडीवर गेलात तर ब्रेक लागतच नाहीत असं वाटेल. आणि चेनला तेल घालताना स्प्रे वापरू नका. त्याचे शिंतोडे डिस्कवर उडले की ब्रेकचे पॅड तेल पितात, मग ते कितीही घासा, पूर्वीसारखे होत नाहीत. थेंब थेंब घाला, कापडाने पुसून घ्या.

पायरी २ : हवा कमी ठेवा

पंक्चरवाल्याकडे गेलात की तो टायर दगडासारखा टणक करून देतो, कारण त्याच्याकडे येणाऱ्या सायकलींना तेच लागतं. टेकडीवर टणक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, आणि हवेत असलेलं चाक थांबवता येत नाही. सव्वादोन इंच रुंदीचा टायर आणि सत्तर किलोच्या आसपासचा माणूस असेल, तर ट्यूबवाल्या चाकात पुढे २६ ते २८ आणि मागे २८ ते ३० पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) इथून सुरुवात करा. दर फेरीला एक-दोनने बदलून बघा. फार कमी झाली तर दगडाच्या कडेवर ट्यूब चेपून तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ती दिसली की समजा, थोडी वाढवायला हवी.

आपल्या भागातलं खरं संकट मात्र बाभळीचा काटा. शेतकरी कुंपणाला काटेरी फांद्या लावतात, त्या वाळून वाटेवर विखुरतात. काटा लागला की नवी ट्यूब घालायची घाई होते आणि तोच काटा पाच मिनिटांत दुसरी ट्यूब फोडतो. म्हणून आधी टायरच्या आतून पायातला मोजा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. बोट फिरवलं तर बोटात मोडेल, आणि बाभळीचा मोडलेला काटा आठवडाभर ठणकतो. पुढे-मागे ट्यूबलेस करून घ्या, आतलं सीलंट, म्हणजे चिकट द्रव, बारीक भोकं आपोआप बुजवतं. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी भर घाला.

पायरी ३ : अंगावर आणि पाठीवर

हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचे पॅड, साधा पारदर्शक चष्मा. पायात सपाट तळाचे बूट आणि सायकलला खिळ्यांचे सपाट पेडल. पाय अडकवणारे पेडल पहिलं वर्षभर नकोत, कारण पाय पटकन जमिनीवर टेकता आला पाहिजे. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलायचं, बाहेरून चरा दिसत नसला तरी. आतला थर्मोकोलसारखा भाग एकदाच दबतो.

पाठीवर एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप, चेन तोडायची सोय असलेला अ‍ॅलन कीचा संच, चेनची जोडकडी, आपल्याच सायकलचा एक जादा हँगर, जुन्या टायरचा बोटभर तुकडा (टायर फाटला तर आतून लावायला), पट्टी-मलम आणि शिट्टी. पाणी थंडीतही दोन लिटर. टेकडीवर नळ नसतो.

आणि घंटा. मी आठवडी बाजारातून शेळीच्या गळ्यात बांधतात ती छोटी पितळी घंटा आणून हँडलला लावली आहे. खडबडीत वाटेवर ती आपोआप किणकिणते. ट्रिंग-ट्रिंग केलं की चालणारा माणूस दचकतो, "बाजूला व्हा" असं ऐकू येतं त्याला. या घंटेने फक्त कुणीतरी येतंय एवढं कळतं, आणि लोक मागे वळून बघताना बहुतेक वेळा हसतात.

पायरी ४ : मैदानावर थांबायला शिका

टेकडीवर जाण्याआधी मुरमाचं एखादं रिकामं मैदान शोधा. टाचेने एक रेघ ओढा. वीस पावलांवरून वेग घेत या आणि रेघेवर फक्त मागचा ब्रेक दाबा. जिथे थांबाल तिथे दगड ठेवा. मग फक्त पुढचा, अगदी हळूहळू दाबत. मग दोन्ही. तिसरा दगड पहिल्याच्या बराच अलीकडे पडतो, हे डोळ्यांनी बघा. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. नवा माणूस घाबरून नेमका तोच टाळतो. त्याने उलटायला होतं हे खरं, पण ते एकदम आवळल्यामुळे. ब्रेकवर एकच बोट ठेवा, बाकीची बोटं मुठीला. लिंबू पिळताना जसा जोर वाढवत नेतो तसा वाढवा.

थांबताना पेडल आडवे एका पातळीत, टाचा खाली, कोपर बाहेर, अंग सीटवरून उचललेलं आणि जरा मागे. उतारावर निघण्याआधी सीट खाली करा. ती वर असली की अंग मागे नेता येत नाही, आणि सीटच तुम्हाला हँडलवरून ढकलते. नजर चाकासमोर ठेवू नका, आठ-दहा पावलं पुढे ठेवा. दगडाकडे बघत राहिलात तर सायकल दगडावरच जाते.

दोन-तीन संध्याकाळी हे केलंत तरी पुष्कळ झालं.

पायरी ५ : वाट कुणाची, ते आधी विचारा

इथे जरा थांबून लिहितो, कारण सायकलबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, वाटेबद्दल कुणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ठाऊक असेल, तिथे १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने घोड्यांसाठीच्या ब्रायडलवेवर सायकलला वाट खुली केली, मात्र चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं या अटीवर. नुसत्या पायवाटेवर तिथेही सायकलचा हक्क नाही. आपल्याकडे अशी आखणी नाही. म्हणून प्रत्येक वाटेची जमीन कुणाची, हे आपणच शोधायचं.

पुण्यातल्या टेकड्यांचा मोठा भाग वनखात्याकडे आहे. प्रवेशाच्या ठिकाणी पाटी असते, ती वाचा. वेळ आणि मनाई दोन्ही तिथेच लिहिलेली असतात. अभयारण्यात, मग ते भीमाशंकर असो की कोयना, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय जाता येत नाही. लष्कराच्या हद्दीची भिंत पडलेली असली तरी ती हद्दच. किल्ल्यांवरच्या दगडी पायऱ्या आणि सिंहगडाची आतकरवाडीकडून चढणारी पायवाट चालणाऱ्यांची आहे. शनिवार-रविवारी तिथे लहान मुलांपासून सत्तरीच्या लोकांपर्यंत रांग लागते, तिथून सायकल खाली आणणं मला मुळीच पटत नाही. गडावर जायला डांबरी घाटरस्ता आहे.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. गावनकाशात पाणंद, शिवरस्ता आणि गाडीवाट दाखवलेली असते. बैलगाड्यांच्या जुन्या वाटा या. दोन्ही बाजूंना कुंपण, मधे मुरूम, मैलोन्‌मैल. नव्या माणसाला त्याहून चांगली वाट नाही. तलाठ्याकडे किंवा गावातल्या जाणत्या माणसाकडे चौकशी केली की कुठली वाट वहिवाटीची आणि कुठली कुणाच्या शेतातून जाते, ते कळतं. पारावर बसलेल्या माणसांना राम राम घालून विचारलं तर मला आजवर नाही म्हणालेलं कुणी आठवत नाही. न विचारता गेल्यावर मात्र बोलणी खाल्ली आहेत, आणि ती रास्त होती.

एक सांगतो. मुळशीकडे जुलैत आम्ही चौघं भातखाचरांच्या बांधावरून गेलो. वाट अरुंद, हिरवीगार, फोटो काढावा अशी. मागून हाक आली. एक मावशी, डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखलात उभ्या. त्यांनी बोट दाखवलं. ओल्या बांधावर आमच्या टायरची घळ पडली होती आणि तिच्यातून वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात धो-धो चाललं होतं.

"लावणी कालच झाली माझी. पाणी गेलं, आता रोपं कशावर उभी राहायची?"

आम्ही सायकली आडव्या टाकल्या आणि हाताने चिखल उपसून बांध थापला. मावशी मधूनमधून सांगत होत्या, इथे दाब, तिथे गवताचं ढेकूळ लाव. पाऊण तास गेला. निघताना त्यांनीच खालच्या अंगाची गाडीवाट दाखवली, "हिकडनं जा की, कोण नाही म्हणतंय." तेव्हापासून पेरणीपासून कापणीपर्यंत मी बांधावर सायकल नेत नाही, उचलूनसुद्धा.

सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, आणि गवताळ माळ यांचंही तसंच. कासचं पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं म्हणून सगळ्यांना माहीत झालं, पण तशी बोटभर मातीची पठारं सह्याद्रीत आणि कोकणात जागोजागी आहेत. पावसाळ्यात त्या मातीत इवलीशी फुलं असतात. एका चाकाची रेघ पुढच्या वर्षीही दिसते. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की तिथेच थांबा, खाली बघा आणि आल्या वाटेने मागे या.

वाटेवर कोणाला आधी जाऊ द्यायचं, ते सोपं आहे. चालणाऱ्याला नेहमी. चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने. गुरं किंवा मेंढरं दिसली की उतरून उभं राहायचं आणि "दादा, कुठल्या अंगाने जाऊ?" असं विचारायचं. कळपातलं एक मेंढरू बिचकलं की सगळी धावतात, आणि कड्याच्या बाजूला धावली तर नुकसान त्या धनगराचं. सकाळी सहा ते नऊ शहरातल्या टेकड्या चालणाऱ्यांच्या असतात, त्या वेळी उतार घेऊ नका. ही माणसं टेकडीसाठी भांडणारी आहेत. वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायच्या योजनेला विरोध करायला तीच रस्त्यावर उतरली. त्यांच्या मनात सायकलवाल्याबद्दल राग बसला तर आपल्या बाजूने बोलायला कुणी राहणार नाही.

पायरी ६ : ऋतू बघून निघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत बरं. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि त्यात दगड लपलेले असतात. कुसळं मोज्यातून आत जातात ती वेगळीच. मार्चनंतर मुरूम कोरडा होऊन साखरेसारखा सैल होतो, थांबायला दुप्पट अंतर धरा.

पावसाळ्यात खडकावरचं शेवाळ साबणासारखं असतं, तिथे ब्रेकही नको आणि वळणही नको, आधीच उतरा. काळ्या मातीत तर जाऊच नका. ती टायरला थर देत चढते आणि चाक व फ्रेमच्या मधे ठासून बसते. चाक फिरेना म्हणून जोर लावला की डिरेल्युअर ओढलं जाऊन आऱ्यांत अडकतं आणि हँगर मोडतो. काटकीने माती काढा, सायकल खांद्यावर घ्या, डांबरी रस्ता गाठा. ओल्या वाटेवर पाडलेली टायरची चर पुढच्या सरीत ओहोळ होते, हेही कारण आहेच.

पायरी ७ : पडलात तर

पडणार. सगळे पडतात. पडल्यावर लगेच उठू नका. आधी मान, मग बोटं, मग पाय हलवून बघा. वाटेच्या मधे असाल तर सोबत्याला वरच्या अंगाला उभं करा.

पावसाने कापलेल्या घळीत माझं पुढचं चाक गेलं आणि मी हात पुढे टेकून पडलो. मनगट थोडं सुजलं. एका दवाखान्यात फोटो काढला, हाड ठीक आहे, मुका मार आहे असं सांगितलं. मी पंधरा दिवस तसाच वावरलो. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा पडतो ना, तिथे दाबलं की कळ मस्तकात जायची. दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा तिथलं छोटं हाड, स्कॅफॉइड, मोडलेलं दिसलं. ही मोड पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही आणि त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असल्याने ते जुळायला वेळ घेतं. माझे तीन महिने गेले. म्हणून सांगतो, त्या खळग्यात दुखत असेल तर एक्सरे चांगला आला तरी मनगट हलू न देता बांधून घ्या आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासा.

डोक्याला मार लागला आणि माणूस तेच तेच विचारायला लागला, उलटी झाली किंवा झोपाळल्यासारखं करू लागला, तर त्या दिवशी सायकल संपली, सरळ रुग्णालय. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला इतर मदत. निघताना घरी वाट सांगून निघा, कारण घाटात फोनला रेंज नसते.

बाकीची संकटं थोडक्यात. मेंढरांच्या वाड्यावरचं कुत्रं मागे लागलं तर पळू नका. उतरा, सायकल मधे धरा, चालत रहा, ते आपोआप आपल्या हद्दीपाशी थांबतं. आग्या मोहोळाच्या कड्याखाली आरडाओरडा आणि धूर नको. रानडुकरांसाठी शेताला झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी, तार लावलेली असते, तिन्हीसांजेला ती दिसत नाही. अंधार पडायच्या आत डांबरावर या. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या कातळावर बसताना दगडाखाली हात घालू नका, फुरसं तिथेच असतं. साप चावला तर घट्ट आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही. तो अवयव न हलवता जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचं.

पायरी ८ : पहिली फेरी

एक छोटी वाट निवडा, जाऊन-येऊन आठ किलोमीटरच्या आतली. आधी ती पायी चाला. खरंच चाला, बुटांनी मुरूम सरकवून बघत. उताराच्या अलीकडे जिथे थांबता येईल अशा पाच जागा मनात धरा: एखादा सपाट खडक, बोरीचं झुडूप, ओढ्याच्या आधीचा मोकळा तुकडा.

मग मधल्या वारी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, एका सोबत्याला घेऊन सायकलने जा. चढ जमेल तेवढा चढा, जमणार नाही तिथे ढकला. वर गेल्यावर पाणी प्या, सीट खाली घ्या, चढावर दबू नये म्हणून शॉकअपला लॉक लावला असेल तर काढा. उतरताना त्या पाचही जागी पूर्ण थांबा, पाय जमिनीवर टेकून. वाट मोकळी असली तरी थांबा. एखादी जागा चुकली, पुढे घसरत गेलात, तर सायकल वळवून वर न्या आणि तेवढा तुकडा पुन्हा उतरा. खाली आल्यावर डिस्कला हात लावू नका, तापलेली असते. ती गार होईपर्यंत टायर गोल फिरवून रुतलेले काटे काढा आणि दिवस शिल्लक असेल तर एकदा परत चढा.